पुनर्विकासाची सभा: सोसायटीत राहून स्वतःचं डोकं कसं चालवायचं?

सातवा मजला

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये सध्या एकच विषय आहे. विकासकाचा प्रस्ताव येतो, समिती दोन-तीन सादरीकरणं ठेवते, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, ‘सर्वांना मान्य आहे ना?’ अर्ध्या तासात अंगठ्यांची रांग लागते. त्यातल्या किती जणांनी करारनाम्याचा मसुदा वाचलेला असतो? ज्यांच्या मनात शंका असते ते गप्प बसतात. वर्षानुवर्षांचा शेजार असतो, गणपतीची वर्गणी एकत्र असते, जिन्यात रोज गाठ पडते. ‘यांनीच खोडा घातला’ हे कुणालाच ऐकून घ्यायचं नसतं.

‘बिल्डर सगळे चोर’ हा सूर या धाग्यात नको आहे. समितीवर चिखलफेकही नको. मला पद्धतीबद्दल बोलायचं आहे. सभा कशी घेतली तर माणसं आपलं खरं मत सांगतील आणि तरीही सोसायटी दुभंगणार नाही? जाणकारांनी नियम, आकडे, पायऱ्या यांसकट लिहावं.

सहकारकट्टा

आधी कायद्याची चौकट, कारण बरेच गैरसमज इथूनच सुरू होतात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 79(अ) खाली शासनाने पुनर्विकासाबाबत निर्देश काढले आहेत. पहिले 3 जानेवारी 2009 चे, सुधारित 4 जुलै 2019 चे. सुधारित निर्देशांत दोन वेगळे आकडे आहेत आणि सभेत ते हमखास एकमेकांत मिसळले जातात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश हवी. संमती एकूण सभासदांच्या 51 टक्क्यांची हवी, तीही लेखी.

48 सभासदांची सोसायटी धरा. गणपूर्तीला 32 हवेत. संमती 48 च्या 51 टक्के, म्हणजे 24.48, म्हणजे 25 जणांची. आता 32 जण आले आणि 24 जणांनी होकार दिला, तर हजर असलेल्यांपैकी पाऊण लोक बाजूने आहेत, पण ठराव झालेला नाही. इथे अध्यक्ष ‘बहुमताने मंजूर’ म्हणून मोकळे होतात आणि दोन वर्षांनी प्रकरण सहकार न्यायालयात उभं राहतं. गैरहजर सभासदाचा होकार गृहीत धरता येत नाही. शेजाऱ्याच्या हाती पत्र देऊन मत देणंही चालत नाही, सहकारी संस्थेत प्रतिनिधीमार्फत मतदान नाही.

सभेचं व्हिडिओ चित्रीकरण निर्देशांतच सांगितलेलं आहे. विकासक निवडीच्या सभेला सहकार निबंधक कार्यालयाचा प्राधिकृत अधिकारी हजर हवा. मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्देश मार्गदर्शक स्वरूपाचे मानले आहेत, त्यामुळे एखादी पायरी चुकली म्हणून सगळं आपोआप रद्द होत नाही. पण प्रक्रिया नीट पाळलेली असली की भांडणाला जागाच कमी राहते.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट. 1985 साली दमन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सहकारी संस्थेचा सभासद झालेल्या व्यक्तीचं संस्थेपुरतं वेगळं व्यक्तित्व उरत नाही, कायदा आणि उपविधी देतील तेवढेच हक्क राहतात. पुनर्विकासाला विरोध करणाऱ्या अल्पमतातल्या सभासदांविरुद्ध हाच आधार आपल्याकडे वारंवार घेतला जातो. रीतसर ठराव झाला, करार झाला, की एक-दोघे ‘मी घर सोडणार नाही’ म्हणून सहसा टिकत नाहीत. फसवणूक झाली, माहिती दडवली, सभासदा-सभासदांत भेदभाव केला, तर गोष्ट निराळी.

म्हणून स्वतंत्र मताला खरी किंमत आहे ती ठरावाच्या आधी. नंतर त्याचा उपयोग फार थोडा.

मनोव्यापार

सहकारकट्टा यांचं शेवटचं वाक्य मानसशास्त्राच्या बाजूनेही खरं आहे.

सॉलोमन ॲश यांचे 1950 च्या दशकातले प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेले असतील. तीन रेघांपैकी नमुन्याएवढी रेघ कोणती ते मोठ्याने सांगायचं, बाकीचे सगळे ठरवून एकच चुकीचं उत्तर देणारे. एकट्याने उत्तर देताना चूक जवळजवळ होतच नव्हती. गटात मात्र साधारण 37 टक्के वेळा माणसं चुकीच्या उत्तरामागे गेली. हा आकडा सगळे सांगतात. सभेसाठी कामाचे आहेत ते पुढचे बारकावे.

चुकीचं उत्तर देणारा समोर एकच माणूस असेल तर परिणाम नगण्य, दोन असले तर थोडा, तीन झाले की दबाव जवळपास पूर्ण बसतो. त्यापुढे संख्या वाढवून फारसा फरक पडत नाही. म्हणजे ग्रुपवर पहिले तीन अंगठे कुणाचे आले यावर पुढच्या पंचेचाळीस जणांचं बरंच काही ठरतं. दुसरं, खरं उत्तर देणारा एकच जोडीदार मिळाला की चुकीच्या मागे जाण्याचं प्रमाण पावपटीवर आलं. आणि तिसरं, उत्तर मोठ्याने न देता लिहून द्यायची मुभा मिळाली तेव्हाही ते बरंच घसरलं.

1955 साली डॉइच आणि जेरार्ड यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. इतरांचं ऐकण्याआधी स्वतःचं उत्तर कागदावर लिहून टाकलं असेल तर माणूस त्यावर जास्त टिकतो. म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी लिहा, मग बोला. सभेच्या पहिल्या दहा मिनिटांत कुणीही काहीही न बोलता प्रत्येकाने आपलं म्हणणं चिठ्ठीवर लिहावं. सादरीकरण नंतर, चर्चा त्याच्याही नंतर.

निळावंती

चिठ्ठ्यांची कल्पना पटली. पण सहकारकट्टा म्हणतात संमती लेखी हवी, म्हणजे नावानिशी. मग गुप्त चिठ्ठीला कायद्यात अर्थ काय?

सहकारकट्टा

कायद्यात अर्थ काही नाही आणि तसा दावाही करू नये. चिठ्ठी म्हणजे मतदान नव्हे, कच्चा कौल. इतिवृत्तात ‘सभासदांकडून निनावी शंका व सूचना मागवण्यात आल्या’ एवढंच लिहायचं. संमतीपत्र वेगळं, नावानिशी, सहीनिशी, नंतरच्या सभेत. एकाच सभेत दोन्ही उरकू नका. कच्चा कौल आणि अंतिम ठराव यांत किमान दोन-तीन आठवडे ठेवा, तेवढ्यात शंकांची लेखी उत्तरं देता येतात.

संमतीपत्राबद्दलच आणखी एक. बहुतेक ठिकाणी एकच यादी असते. अनुक्रमांक, सदनिका क्रमांक, नाव, सही असे रकाने आखलेला फूलस्केप घेऊन समितीतले दोघे संध्याकाळी दारोदार फिरतात. नवव्या घरी यादी पोचते तेव्हा वरच्या आठही सह्या समोर दिसत असतात, सगळ्या ओळखीच्या, आणि दारात उभे असलेले दोघे पेन पुढे करून थांबलेले. अशी सही दबावाखाली घेतली हा आरोप पुढे सहज होतो. त्याऐवजी प्रत्येक सदनिकेसाठी स्वतंत्र पान करा. त्यावर ठरावाचा पूर्ण मजकूर, देऊ केलेलं चटई क्षेत्र (घराच्या आतली जागा), बांधकामाच्या काळातलं भाडं, कॉर्पस (विकासक देणार तो एकरकमी निधी) आणि तारीख छापा. पान घरी ठेवून या आणि ठरलेल्या दिवशी कार्यालयातल्या पेटीत टाकायला सांगा. खर्च 48 पानांच्या झेरॉक्सचा.

कोकणकडा

थोडं विरुद्ध बाजूने लिहितो. पन्नास वर्षं जुन्या इमारतीत गळती आहे, सळ्या उघड्या पडल्यात, वर राहणाऱ्या वयस्कर मंडळींना लिफ्ट नाही. अशा ठिकाणी ‘स्वतंत्र विचार’ या नावाखाली दोन माणसं पाच-पाच वर्षं काम अडवून ठेवतात आणि शेवटी कळतं की त्यांना आतून जास्तीचं पार्किंग हवं होतं. समूह टिकवणं हेही मूल्य आहे. एकीने बोलणारी सोसायटी विकासकासमोर भक्कम उभी राहते. सभासद आपापसांत भांडताना दिसले की तो एकेकट्याला वेगळं गाठतो. त्यामुळे शंकांना मर्यादा हवीच.

मनोव्यापार

कोकणकडा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो बाजूला सारू नये. माझ्या मते मर्यादा वेळेची घालावी, विषयाची नको. शंका देण्याची शेवटची तारीख आधी जाहीर करा. त्या तारखेपर्यंत काहीही विचारता येईल, नंतर नव्याने काढलेला मुद्दा फक्त नवी माहिती असेल तरच घेतला जाईल.

अडवणूक करणारा आणि शंका असणारा यांतला फरक ओळखायलाही लेखी पद्धतच उपयोगी पडते. ‘या कलमात बँक हमीची मुदत लिहिलेली नाही’ ही शंका सगळ्यांच्या कामाची आहे (बँक हमी म्हणजे विकासक चुकला तर बँक पैसे भरेल याची हमी). ‘माझ्या सदनिकेला वेगळं काय?’ ही एकाची मागणी आहे. कागदावर आलं की दोन्ही आपोआप वेगवेगळ्या ढिगात पडतात. तोंडी सभेत मात्र दोघांचाही आवाज सारखाच वाटतो आणि दोघांवरही एकच शिक्का बसतो.

आराखडा

सगळे मान डोलावतात आणि नंतर पस्तावतात, अशी एक जागा दाखवतो. क्षेत्रफळ.

प्रस्तावात लिहिलेलं असतं, ‘सध्याच्या चटई क्षेत्रावर 35 टक्के जादा, रेरा कार्पेट’. टाळ्या पडतात. पण सध्याचं क्षेत्र कसं मोजलंय? बहुतेक वेळा ते खोल्यांचं आतलं माप असतं, भिंती सोडून. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्यातल्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात सदनिकेच्या आतल्या विभाजक भिंतींची जाडी धरली जाते. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, फक्त त्या सदनिकेची बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाही. आतल्या भिंती एकूण 12 मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर जाड असतील तर 1.2 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 13 चौरस फूट जागा भिंतींखाली जाते. 400 चौरस फुटांवर 35 टक्के म्हणजे 140 जादा, त्यातले 13 पाय ठेवता न येणारे. फसवणूक म्हणता येणार नाही, पण तुलना दोन वेगळ्या मापांची झाली.

उपाय सोपा आहे. वास्तुविशारदाकडून आत्ताच्या प्रत्येक सदनिकेची मोजणी रेरा व्याख्येनुसारच करून घ्या आणि कराराला तो तक्ता जोडा, सदनिकावार, चौरस मीटरमध्ये. फुटांत हवं तर 10.764 ने गुणा.

हे सभेत एकाला कळलेलं असतं, बहुतेक इंजिनिअरिंग केलेल्या एखाद्या मुलीला किंवा निवृत्त ओव्हरसीअरला. ते बोलत नाहीत, कारण बाकी सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद असतो.

मनोव्यापार

आराखडा यांनी सांगितलेल्या प्रसंगावर स्टॅसर आणि टायटस यांचा 1985 चा अभ्यास तंतोतंत बसतो. गटातली माणसं चर्चेत तीच माहिती पुन्हा पुन्हा बोलतात जी सगळ्यांना आधीपासून माहीत असते. जी एखाद्यालाच ठाऊक असते ती पुढे येतच नाही, मग ती कितीही निर्णायक असो. इथे भीती असायलाही हवी असं नाही. गप्पा आपसूक समान धाग्यावर जातात. भाडं किती, हॉल केवढा, यावर दीड तास, आणि करार रद्द करण्याच्या कलमावर शून्य मिनिटं.

यावर वाचन वाटून देणं हा उत्तम उपाय आहे. प्रत्येकाने सगळा मसुदा वाचावा ही अपेक्षा फोल आहे, साठ-सत्तर पानं कुणी वाचत नाही. दोन-दोन सदनिकांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला एकच भाग द्या. सभेत त्या जोडीने पाच मिनिटं फक्त त्या भागाबद्दल सांगायचं: काय लिहिलंय, काय लिहिलेलं नाही, काय समजलं नाही. मत द्यायचं नाही. शंका मांडणं हे त्यांना नेमून दिलेलं काम असल्यामुळे ‘खोडा घालणारे’ हा शिक्का लागत नाही.

निळावंती

मग एखाद्याला ठरवून ‘विरोधी बाजू मांड’ असं सांगितलं तर? आमच्याकडे वादविवाद स्पर्धेत करतात तसं.

मनोव्यापार

तितकं चालत नाही. शार्लन नेमेथ यांनी 2001 च्या सुमारास सहकाऱ्यांसोबत हेच तपासलं. खरोखर वेगळं मत असलेला माणूस बोलतो तेव्हा गट नव्या बाजूंचा विचार करतो. कुणीतरी नेमून दिलेली भूमिका वठवतोय हे माहीत असलं की लोक ऐकून घेतात आणि आपल्याच मताला आणखी घट्ट चिकटतात. ‘आपण विरोधही ऐकला’ असं समाधान मात्र मिळतं. वाचन वाटून देणं वेगळं आहे, तिथे कुणी नाटक करत नाही, समोरचा कागद वाचून दाखवतो.

आणि कृपया ‘आपली संस्कृतीच अशी, आपल्याकडे कुणी वेगळं बोलतच नाही’ असं म्हणून सोडून देऊ नका. बाँड आणि स्मिथ यांनी 1996 मध्ये 17 देशांतल्या ॲश पद्धतीच्या 133 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. समूहाला महत्त्व देणाऱ्या समाजांत प्रमाण जास्त आढळलं हे खरं, पण अमेरिकेतसुद्धा ते काळानुसार कमी होत गेलेलं दिसलं. म्हणजे ते बदलतं.

सहकारकट्टा

वाचनाची वाटणी करायचीच असेल तर सगळ्यात नीट वाचणाऱ्या जोडीला बँक हमी द्या.

निर्देशांनुसार प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के रकमेची बँक हमी विकासकाने द्यायची असते. खर्च 30 कोटी असेल तर हमी 6 कोटींची. इथे काय काय बिनसतं:

हमी ‘प्रकल्प खर्चाच्या’ ऐवजी ‘बांधकामाच्या पहिल्या टप्प्याच्या’ 20 टक्क्यांची लिहिली जाते. रक्कम एकदम खाली येते.

मुदत 24 महिन्यांची असते आणि काम 40 महिने चालतं. निर्देशांत काम दोन वर्षांत, अपवादात्मक स्थितीत तीन वर्षांत पुरं करायला सांगितलंय. प्रत्यक्षात उशीर झाला तर नेमकी गरज पडते तेव्हा हमी संपलेली असते. म्हणून मुदत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळेपर्यंत आणि पुढे काही महिने हवी. नूतनीकरण मुदत संपण्याच्या किमान 30 दिवस आधी झालं नाही तर सोसायटीला ती वटवता यावी, हे वाक्य करारात हवंच.

तिसरं म्हणजे अटी. ‘लवादाचा निवाडा आल्यावर देय’ असं लिहिलेली हमी निरुपयोगी आहे. विनाशर्त, अपरिवर्तनीय आणि मागताक्षणी देय, हे तीनही शब्द हमीपत्राच्या मजकुरात असावेत. करारात आहेत आणि हमीपत्रात नाहीत, असं होतं. हमीपत्राचा नमुना करारासोबतच मागून घ्या.

सगळी सोसायटी कॉर्पसच्या आकड्यावर खूश असताना ही तीन वाक्यं विचारणारा माणूस नकोसा वाटतो. पण सगळ्यांची घरं तोच वाचवत असतो. त्याला एकटं पाडू नका, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

सातवा मजला

एकटं पाडण्यावरून विचारतो. काही ठिकाणी विरोध करणाऱ्याशी बोलणं बंद, कार्यक्रमाला बोलावणं बंद, असे प्रकार होतात. 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा इथे लागू होतो का?

सहकारकट्टा

महाराष्ट्राचा तो कायदा जुलै 2017 पासून अंमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो आणला तो जातपंचायती आणि गावकीच्या बहिष्कारासाठी. गृहनिर्माण संस्थेतल्या अबोल्याला तो लावता येईल असं मी सांगणार नाही. मात्र पाणी तोडणं, लिफ्ट वापरू न देणं, ना हरकत दाखला अडवणं हे समितीला करता येत नाही. तसं झालं तर निबंधकांकडे लेखी तक्रार करा. सहकार न्यायालयात कलम 91 खाली दाद मागता येते.

कोकणकडा

बोलणं बंद होण्यावर कायदा कसा काय उपाय करणार? तिथे अध्यक्षांचं वागणं महत्त्वाचं. सभेत पहिल्यांदा शंका आली की अध्यक्षांनी ती स्वतः फळ्यावर लिहावी आणि विचारणाऱ्याचे आभार मानावेत. बाकीचे त्यावरून काय ते ओळखतात. आणि त्यांनी स्वतःचं मत सगळ्यात शेवटी सांगावं. सचिवांनीही. सभेच्या सुरुवातीलाच ‘समितीला हा विकासक योग्य वाटतो’ असं म्हटलं की पुढे चर्चेला काही उरत नाही. मघाशी मी एकीबद्दल लिहिलं, त्या एकीसाठीही हे हवं. मनातलं बोलून झाल्यावर केलेली सही माणूस पाळतो.

निळावंती

लेखी विरोध किंवा शंका नोंदवायची असेल तर मजकूर कसा असावा? ‘माझा विरोध आहे’ एवढंच लिहिलं तर पुरतं का?

सहकारकट्टा

नाही. नमुना देतो, बदलून वापरा:

‘दि. ___ रोजीच्या विशेष सर्वसाधारण सभेतील विषय क्र. ___ बाबत. पुनर्विकासाला माझी तत्त्वतः हरकत नाही. तथापि मसुद्यातील कलम ___ मध्ये बँक हमीची मुदत नमूद नाही. ती भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत असावी अशी दुरुस्ती सुचवतो. दुरुस्ती होईपर्यंत या कलमास माझी संमती नाही. हे पत्र इतिवृत्तात समाविष्ट करावे व त्याची प्रत मला द्यावी.’

तीन गोष्टी पाहा. कलमाचा क्रमांक आहे, पर्याय दिलेला आहे, आणि संपूर्ण प्रकल्पाला नकार नाही. दोन प्रती काढा, एकीवर कार्यालयाचा पोच शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. इतिवृत्त आलं की आपला मुद्दा त्यात आहे का ते लगेच तपासा, नसेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. इतिवृत्त पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रत घेण्याचा हक्क सभासदाला कायद्यानेच आहे.

आराखडा

मनोव्यापार यांच्या चिठ्ठ्यांना थोडी शिस्त लावली तर त्या शेवटपर्यंत कामाला येतात. पोस्टकार्डाएवढं कार्ड, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन, म्हणजे शाईवरून कुणाचं कार्ड ते ओळखू येत नाही. प्रश्न तीनच ठेवा: प्रस्तावातली कोणती गोष्ट पटली, कोणती कळली नाही, आणि कोणत्या एका बदलाशिवाय तुम्ही सही करणार नाही. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, ‘एका’ बदलाशिवाय असाच विचारा, नाहीतर यादी वाढत जाते.

कार्डं समितीबाहेरच्या दोघांनी गोळा करून त्यांना क्रमांक द्यावेत आणि सगळ्यांसमोर वाचावीत, एकही न वगळता. मग मसुद्याच्या प्रतीवर त्या त्या कलमासमोर समासात कार्डाचा क्रमांक लिहायचा. ज्या कार्डांना कलमच सापडत नाही त्यांचं वेगळं पान करा. मसुद्यात जे राहून गेलंय ते या पानावर येतं, म्हणून वकिलांकडे आधी ते पान द्या.